बसून, दार लावून, सावकाश

सुगन,

तुझ्या शोकसभेत मी रडले नाही. रडणाऱ्या मुली मोजत बसले होते. तिसऱ्या रांगेपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं, कारण तिसऱ्या रांगेत माझी अलका होती. धुळ्याच्या शाळेत पाच वर्षं मी तिला मराठी शिकवलं, तिच्या बापाशी भांडून तिला जळगावला कॉलेजात घातलं, आणि ती बोलायला उभी राहिली तेव्हा म्हणाली, "भाभींनी मला घडवलं." भाभींनी! तू काय दिलंस तिला? बसायला एक पाट, तांब्याभर पाणी आणि लावलेलं दार. मी तिला अख्खं व्याकरण दिलं. पण पोरींना आठवतो तो पाट.

तुला जाऊन पुरते पंधरा दिवसही झालेले नाहीत आणि मी हे असं लिहायला नको. पण गेलेल्या माणसाशी गोड गोड बोलणं मला जमत नाही, आणि तुला ते आवडलंही नसतं. तू गालातल्या गालात हसून विचारलं असतंस, "जळस का वं, विमल?" हो, जळते. तुझ्या जिवंतपणी जळले, आता तू नाहीस तरी जळते. लपवून ठेवलं होतं असंही नाही. तुला सगळं दिसायचं, बांबूच्या चिकाच्या पडद्याआडूनसुद्धा.

सभेनंतर बाबूजींनी, तुझ्या सासऱ्यांनी, मला थांबवून घेतलं. मुलींच्या जेवणाच्या, ट्रस्टच्या खोलीत तुझ्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे, मजकूर मुनीमजींनी लिहिला आहे, तुम्ही शिकलेल्या, तेवढा नीट करून द्या, असं म्हणून त्यांनी कागद हातात ठेवला. पहिलीच ओळ अशी: 'एका गरीब, भुकेल्या मुलीस रस्त्यावर उभ्याने जेवताना पाहून ज्यांचे अंतःकरण द्रवले...'

ती मुलगी मी. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे. ती गरीब नव्हती आणि भुकेचा तर प्रश्नच नव्हता, हेही दोघींना ठाऊक. आजवर ती गोष्ट नुसती तोंडातोंडी होती. आता ती दगडात जाणार होती.

ज्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो ते एकदा पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस. आता बोलणार नाहीस, तेवढी एक सोय झाली आहे.

आमचं गाव फैजपूरच्या अलीकडे, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांची केळी, विहिरीला बारमाही पाणी, गोठ्यात दुभती जनावरं. घरात फक्त एकच गोष्ट नव्हती, शिकलेलं माणूस. मी पहिली. गावातून जळगावला कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, आणि हे मी आजही सांगते, कुणी विचारो न विचारो. वडील म्हणाले, जा. आई म्हणाली, जा, पण खाशील माझ्याच हातचं. म्हणून रोज डबा.

आमच्या भागातल्या पोरांचे डबे तेव्हा एस.टी.नंच यायचे. ड्रायव्हरच्या बाजूला ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला वेगवेगळ्या रंगाचं फडकं. आमचं फडकं आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. गाडी साडेअकराला जळगावच्या स्टँडवर लागायची आणि बाराच्या आत परत फिरायची. गुलाबभाऊ कंडक्टर डबा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वीस मिन्टं, विमल. चावूनच खाय, पन वीस मिन्टं."

कारण रिकामा डबा त्याच गाडीनं परत जायचा. मुलगे डबे खोलीवर न्यायचे आणि आठवड्याचे रिकामे डबे एकदम पाठवायचे. त्यांच्या आया वजन बघत नव्हत्या. माझी आई बघायची. ती फाट्यावर उभी असायची, डबा हातात घ्यायची, जरा वर-खाली करायची आणि मगच घरी वळायची. मला म्हणायची, "डबा हलका आला का मले समजते, पोर जेवली." जड आला की दुसऱ्या दिवशी वडील स्वतः गाडीत बसून जळगावला हजर, काय झालं, कोण काय बोललं. ते मला नको होतं. म्हणून मी स्टँडसमोरच्या नळाशेजारी उभी राहून जेवायचे. नळाशेजारी अशासाठी, की डबा तिथंच विसळता यायचा. उभी अशासाठी, की बाकांवर पुरुष बसलेले असायचे. बाकी काही नाही. पितळेचा चार पुडांचा डबा. खाली वरण, त्यावर भाजी, त्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि सगळ्यांत वर तुपाची वाटी. म्हणे गरीब!

नळाच्या बरोबर वर तुमच्या घराची गॅलरी. खाली सरकी-पेंडीचं दुकान, वर चिकाचा पडदा, आणि पडद्याआड तू. हे मला कुठे माहीत? एक दिवस तुमच्याकडची गंगूबाई खाली आली आणि म्हणाली, "तुले वर बलावलं शे." मी डबा विसळून गुलाबभाऊंकडे दिला आणि तणतणत जिना चढले. मला वाटलं, नळाजवळ खरकटं सांडलं म्हणून बोलणी खायची आहेत.

वर तू होतीस, कपाळापर्यंत आलेला घुंघट, समोर माझ्यासाठी वाढलेलं ताट. माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी. मारवाड्याच्या घरची सून माझ्याशी हिंदीत बोलेल अशी मी तयारी करून गेले होते, आणि तू तोंड उघडलंस तर तुझ्या माहेरची, दोंडाईच्याची ठसठशीत अहिराणी. "उभ्या उभ्या जेवन व्हस का वं?"

"होतं. रोज होतं," मी म्हणाले. "आणि माझं जेवण झालंय."

"मंग बठ ना. पानी तरी पी."

मी तुला भाभी म्हणाले. तू म्हणालीस, भाभी म्हणणारे या घरात पुष्कळ आहेत, मला सुगन म्हणणारं इथं कुणी नाही. मी बसले. ताटाला हात लावला नाही. त्या पहिल्याच दिवशी तुझ्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं आणि मी त्याला कीव समजले. तिथूनच सगळं बिघडलं.

पण येत राहिले. कॉलेज सकाळचंच असायचं, आणि बारापर्यंत तुझ्याकडचे पुरुष जेवून दुकानात उतरलेले असायचे. तू सातवीपर्यंत शिकलेली, पंधराव्या वर्षी लग्न झालेली, आणि माझी पुस्तकं माझ्याआधी वाचून संपवायचीस. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान मी तीन वेळा वाचलं होतं. तू एकदा वाचलंस आणि विचारलंस, "विमल, यात बायका कुठे आहेत? कापूस वेचते कोण?" मी तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात विचारला. प्राध्यापक खूश झाले. तो तुझा प्रश्न आहे हे मी सांगितलं नाही. इथं सांगते. इतकी वर्षं तू माझी गोष्ट चोरलीस असं मी म्हणत होते, तर माझ्याकडचीही एक चोरी लिहून ठेवते.

आणि मग माझी आई. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी तिला जळगावला आणलं, पेढे घेऊन तुझ्याकडे आलो. मला वाटलं, आज दिवस माझा आहे. तू आईच्या पायाशी बसलीस आणि म्हणालीस, "माय, तुम्हना हातना डबा मी तीन वरीस रोज पाह्यना, खावाले नही भेटना." झालं! आईनं पेढे बाजूला ठेवले आणि तुला काय चालतं, काय नाही, हे विचारत बसली. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळल्यावर काहीच नाही. पुढच्याच गुरुवारी गाडीत दोन डबे आले. मी धुळ्याला नोकरीला लागले, माझा डबा बंद झाला, तुझा मात्र दर गुरुवारी चालूच. तुझ्यासाठी आई बिनालसणाचे फुनके करायची. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके, त्यात लसूण नाही, ही आमच्या घरात ऐकलेली गोष्ट नव्हती. माझ्यासाठी तिनं आयुष्यात कधी काही वेगळं केलं नाही. मी कारलं खात नाही, तर आजही तेच वाढते आणि म्हणते, "खाय, मरत नही." तुझ्यासाठी निराळी कढई काढली होती तिनं.

तुझ्या सासूबाई, केसरबाई, वारल्या, त्यानंतरची गोष्ट. बाबूजींना त्यांच्या नावानं काही कायमचं करायचं होतं. नातेवाईक जमले. कुणी धर्मशाळा म्हणालं, कुणी पाणपोई, कुणी देरासराला, म्हणजे जैन मंदिराला, चांदीचे दरवाजे. आणि तू, ज्या सुनेनं दहा वर्षांत सासऱ्यांसमोर एक शब्द काढला नव्हता, ती दाराआडून बोललीस. एक गरीब मुलगी होती, म्हणालीस. रोज भर उन्हात नळाशेजारी उभी राहून खायची. अशा मुली अजून येतात. त्यांना बसायला जागा द्या.

बाबूजींनी दुकानाशेजारची सरकीची खोली रिकामी केली. मागच्या दोन गोदामांचं भाडं कायमचं खोलीच्या नावे लावून दिलं. केसरबाई पारमार्थिक ट्रस्ट. घरातल्या पुरुषांना वाटलं होतं, दोन महिने हौस, मग पुन्हा सरकी.

तू मला धुळ्याला चिठ्ठी पाठवलीस. ट्रस्टची उद्दिष्टं लिहून हवीत, तू बी.ए. आहेस. मी दोन रविवार बसून तीन पानं लिहिली. स्त्रीशिक्षणाचा प्रसार, ग्रामीण भगिनींचा सर्वांगीण उत्कर्ष, असं पुष्कळ होतं त्यात. मला अजून ती पानं चांगली वाटतात. तुझं उत्तर आलं: "विमल, फार छान. पण हे वाचून गंगूला कळेना की तिनं सकाळी येऊन काय करायचं." आणि खाली तू लिहिलेली एक ओळ: 'बाहेरगावच्या मुलींना बसून, दार लावून, सावकाश जेवता यावं.'

माझी तीन पानं वकिलाच्या कागदात गेली. तुझी ओळ खोलीच्या दारावर गेली. लोक दारावरचं वाचतात.

आणि काम तू कसं बसवलंस! गाडी लागली की गंगूबाई स्वतः जाऊन डबे उतरवून घ्यायची. शेगडीवर ऊन करायचे. मुली आल्या की दार आतून लावायचं. जेवण झाल्यावर डबे घासून, पुसून, फडकी बांधून परतीच्या गाडीत. गाडी बाराला सुटो की सव्वाबाराला, ती काळजी खोलीची, मुलीची नाही. चुकून कुणाचा डबा राहिलाच तर गंगूबाई कंडक्टरजवळ निरोप द्यायची, "पोर जेवनी, डबा सकायले धाडस." दुसऱ्या दिवशी एकाही पोरीचा बाप चौकशीला आला नाही. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्या वेळी का नाही?

मधोमध एक परात. प्रत्येक मुलीनं डबा उघडला की आधी चतकोर भाकरी आणि थोडी भाजी परातीत टाकायची. ज्या मुलीचा डबा आला नसेल, किंवा घरून निघालाच नसेल, तिनं परातीतून खायचं. कुणी विचारायचं नाही. कुणी तिकडे बघायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात डब्यांतल्या भाकऱ्या लहान झाल्या, पण परात रिकामी राहिली नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या परातीचं सगळीकडे कौतुक झालं. दोंडाईच्याहून, पहूरहून लोक बघायला आले. सुगन, ती परात आमच्या शेतातली. केळीचे घड कापायला बायका येतात तेव्हा दुपारी बांधावर त्या असंच जेवतात, हे मी तुला सांगितलं होतं, तुझ्याच गॅलरीत बसून. तू कुणाजवळ तसं बोललीस का? बोलली असशीलही. मी नसताना. मी असताना तरी नाही.

मग खोलीचा तो गेल्या वर्षीचा वर्धापनदिन. आईला दाखवू या म्हणून तूच हट्ट धरलास, तूच गुलाबभाऊंकडून निरोप पाठवलास. आई नवीन लुगडं नेसून आली, पहिल्या रांगेत बसली, मी शेजारी. बाबूजी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. गरीब मुलगी. भूक. ऊन. रस्ता. चांगली सांगितली त्यांनी. माझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या कानात म्हणाली, "कोन्या मायची पोर असीन वं. त्या मायच्या जिवाले काय वाटत असीन."

सुगन, मी काय सांगणार होते तिला? ती माय तूच, असं? पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या, फाट्यावर डब्याचं वजन बघणाऱ्या बाईला सांगायचं, की या भरल्या मंडपात जिची कीव चालली आहे ती तुझी लेक, आणि जिला पोरीचं पोट भरता आलं नाही ती तू? मी समोर बघत राहिले. तू स्टेजच्या कडेला उभी होतीस. तू मला बघितलंस. आईलाही बघितलंस.

वरच्या स्वयंपाकघरात मी तुला गाठलं.

"आत्ता खाली चल आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की ती मुलगी भुकेली नव्हती. चार पुडांचा डबा होता. वर तुपाची वाटी होती. तिला फक्त गाडी गाठायची होती."

तू हातातलं भांडं खाली ठेवलंस. "बाबूजी भुकेला देतात, विमल. घाईला कोण देतं? मुलीला सावकाश जेवायचंय म्हणून खोली द्या, असं म्हणाले असते, तर आज खाली सरकी असती."

"म्हणून माझी आई भिकारीण?"

"माय भिकारीण नाही. माय मले ठाऊक शे." मग तू घुंघट मागे सारलास. तो तू माझ्यासमोर नेहमीच सारायचीस, पण त्या दिवशी रागानं सारलास. "तुला काय वाटतं, मी पडद्याआडून तुझी भूक बघत होते? या घरात मी सगळ्यांच्या मागून जेवत होते, चुलीकडे तोंड करून. आणि तू खाली, भर दुपारी, डोक्यावर पदर नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून भाकरी खात होतीस. वाटी चाटायचीस, तीसुद्धा रस्त्यावर. मला तुझी दया आली नाही गं. मी जळले. रोज साडेअकराला येऊन जळत होते."

मी म्हणाले, "मग पोरींना बसवलंस कशाला? उभंच करायचं होतंस रस्त्यावर."

"बसायचं का उभं राहायचं ते त्यांनी ठरवावं. तुला तरी ठरवता येत होतं का?"

अडले की मी काय करते ते तुला माहीत आहे. "मोठी नाटकी आहेस," म्हणाले आणि पाणीही न पिता जिना उतरले. आठ महिने तुझ्या एकाही चिठ्ठीला उत्तर दिलं नाही. मग तुझं आजारपण आलं, मी आले, तुझ्या उशाशी बसले, आपण आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, अलकाच्या निकालाबद्दल बोललो. ते सोडून सगळं बोललो. तू जळत होतीस यावर माझा विश्वास बसला होता, त्याच दिवशी, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. पण विश्वास ठेवला असता, तर माझ्या इतक्या वर्षांच्या रागाचं मी काय केलं असतं? तेवढं तुला सांगायचं राहिलं.

परवा गुरुवारी मी पाटीचा मजकूर घेऊन बाबूजींकडे गेले. 'गरीब' आणि 'भुकेल्या' हे दोन्ही शब्द मी खोडले होते, आणि का खोडले ते ठणकावून सांगायचं, असं धुळ्यापासून ठरवत आले होते. बाबूजी दुकानाच्या गादीवर बसले होते. तू गेल्यापासून ते फार खाली वाकले आहेत. डोळ्यांना आता कमी दिसतं. कागद त्यांनी हातात घेतला नाही.

"बाई, एक विचारू? ती मुलगी तुम्ही ना?"

मी म्हणाले, "हो."

"तुमचे तर केळीचे बाग आहेत. मग सुगन माझ्याशी खोटं बोलली का?"

खरं सांगायची वेळ याहून चांगली कोणती येणार होती? किती वर्षं पाठ करून ठेवलेलं वाक्य ओठांवर होतं. एकदा बोलले असते, की माझ्या आईच्या नावावरचा तो डाग कायमचा गेला असता. आणि या म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे तू, त्याच्याशी पहिल्यांदा तोंड उघडलंस तेच खोटं बोलायला, अशी उरली असतीस.

"नाही, बाबूजी," मी म्हणाले. "भूक होती मला."

सुगन, मी! तू ऐकायला हवं होतंस.

बाबूजींनी गादीवरचा एक धागा ओढला. मग म्हणाले, "पितळेचा डबा होता तुमचा. चार पुडांचा. मी इथूनच रोज बघायचो. वरच्या पुडात तुपाची वाटी. तुम्ही ती शेवटी बोट फिरवून चाटायचात."

"मग तुम्ही खोली दिलीत कशी?"

"दहा वर्षं सून घरात, आणि मला तिचा आवाज माहीत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. थरथरत होता. मी काय म्हणणार होतो, बेटी, तुपाची वाटी मलाही दिसते?" ते जरा हसले. "तिची गोष्ट होती. मी तिच्याच शब्दांत सांगत आलो."

"आणि आत्ता मला विचारलंत ते?"

"ती म्हणायची, विमल माझ्यावर नाराज आहे. अजून आहात का, तेवढं बघत होतो." मग कागदाकडे हात करून म्हणाले, "तो गरीब शब्द काढून टाका. तिला मागायला लागत होता. आता कुणाकडे मागायचंय तिनं?"

मी म्हणाले, "काढलाय, बाबूजी."

म्हणजे बघ, तू एकदा खोटं बोललीस, त्यांनी इतकी वर्षं तेच खोटं सांभाळलं, आणि शेवटी मीही त्यात सामील झाले. माझ्यासाठी कधी कुणी खोटं बोललेलं मला आठवत नाही. पाटीवर आता एवढंच आहे: एक मुलगी उभ्यानं जेवत होती, सुगनबाईंनी ती पाहिली, आणि खाली तुझी ती ओळ. माझं नाव घालू का, असं मुनीमजींनी विचारलं. नको म्हणाले. मोह झाला नाही असं नाही.

खाली खोलीत आले तेव्हा साडेअकराची गाडी लागली होती. गंगूबाई डबे घेऊन आली. त्यांत एक हिरव्या फडक्याचा. गुरुवार होता ना. आईला अजून कळलेलं नाही, सुगन. तिच्या छातीत दुखतं हल्ली. मीच येऊन सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका, असं गुलाबभाऊंना मी सांगून ठेवलं आहे, आणि तो भला माणूस दोन गुरुवार तिच्या हातातून तुझा डबा घेतो आहे आणि तिच्या नजरेला नजर देत नाही. मागच्या गुरुवारचा डबा परातीत गेला. हा मी उघडला.

बिनालसणाचे फुनके.

आधी परातीत दोन टाकले. मग मुलींनी दार लावलं, मी पाट घेतला, आणि बसून, सावकाश बाकीचे खाल्ले. लसणाशिवाय फुनके मला कधीच आवडले नाहीत. एकही ठेवला नाही. डबा गंगूबाईला देऊ केला नाही, मीच घासला, हिरव्या फडक्याला दोन गाठी मारल्या आणि परतीच्या गाडीत ठेवला.

उद्या रविवारी गावी जाईन आणि तिच्याजवळ बसून सांगेन. पण परवा दुपारी ती फाट्यावर आली असेल. डबा हातात घेतला असेल, जरा वर-खाली केला असेल, आणि तिला वाटलं असेल, सुगन जेवली.